पटावर एक मूल कमी

शनिवार, तेरा सप्टेंबर. सकाळची शाळा सुटल्यावर, साडेअकरा वाजता. शिल्लक रक्कम अकरा हजार चारशे रुपये. हजर पाच जण: शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, मुख्याध्यापक गुरुजी, पहिली-दुसरीच्या बाई, मेंढ्या राखणारे एक पालक आणि मी. विषय एकच, शाळेच्या भिंतीवर आगगाडी रंगवणे.

हे मला तारखेनिशी सांगता येतं, कारण समितीचं इतिवृत्त मीच लिहितो. नोकरी तासगावात, बेदाण्याच्या शीतगृहात. तिथे एका पेटीच्या वजनात दोनशे ग्रॅमचा फरक पडला तरी शेतकरी आणि व्यापारी दोघंही माझ्याकडेच बघतात, त्यामुळे लिहून ठेवायची सवय लागली. घर मात्र तासगाव सोडून कवठे महांकाळच्या बाजूला, एका वस्तीवर. वस्तीला जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक पाण्याची टाकी.

या समितीत मी कसा आलो तेही सांगतो. समितीवर पालक असावे लागतात, आणि एक जागा 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून असते. माझी मुलगी तिसरीत होती, पण या शाळेत नव्हती. ती पिवळ्या व्हॅनने तालुक्याच्या गावी, इंग्रजी माध्यमात जायची. त्यामुळे मला पालक म्हणून बसता येत नव्हतं. म्हणून मला तज्ज्ञ केलं.

तज्ज्ञ या नात्याने मी दर पंधरा ऑगस्टला पाच मिनिटं बोलायचो. गावची शाळा टिकली पाहिजे, मूल आपल्या भाषेत शिकलं पाहिजे, असं. मागच्या पंधरा ऑगस्टला मी बोलत असतानाच रस्त्यावर व्हॅन थांबली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. माझी मुलगी टाय सावरत, ध्वजाला वळसा घालून, माझ्यासमोरून गेली आणि व्हॅनमध्ये बसली. मी वाक्य पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी चार जणांची मुलं त्याच व्हॅनमध्ये होती.

आगगाडीची कल्पना शेजारच्या गावावरून आली होती. तिथल्या शाळेने भिंतीवर निळे डबे रंगवले, दारावर 'प्रवेशद्वार' लिहिलं आणि पट वाढला म्हणे. आमच्याकडे रेल्वे नाही. वस्तीवरच्या मुलांपैकी खरी गाडी जवळून पाहिलेली दोनच, मेंढपाळ दादांची मुलगी आणि मुलगा. त्यांचा कळप दर वर्षी साताऱ्याकडे, लोणंदच्या माळावर तळ देत देत जातो. ती दोघं म्हणाली होती की गाडी निळी नसते, मळकी असते. त्यांचं मत इतिवृत्तात घेतलेलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "मग डबे किती काढायचे?" त्यांचे मालक फौजेत आहेत, त्यामुळे त्यांना कुठलंही काम आकड्यापासून सुरू करायची सवय आहे.

गुरुजी म्हणाले, "डबे राहू द्या वहिनी. आधी मुलं मोजू."

त्यांनी मोबाइल काढला. त्यांचा मोबाइल म्हणजे शाळेची तिसरी खोली. पटाची माहिती, पोषण आहाराची माहिती, गोळ्या वाटल्याची माहिती, वृक्षारोपणाचे फोटो, सगळं तिथे राहतं, आणि बऱ्याच वेळा गुरुजीही तिथेच असतात.

"पटावर एकवीस आहेत," ते म्हणाले. "ऑनलाइन एकोणीसच दिसतात."

"मग दोन कुटं गेली?" मेंढपाळ दादांनी विचारलं.

"तुमची."

"माजी? ती तर आत्ता हितं खिचडी खाऊन गेली."

"खाल्ली ते बरोबर आहे. पण आधार जुळत नाही."

हे न जुळण्याचं कारण आमच्या भागातल्या माणसाला दोन वाक्यांत कळतं. बाहेरच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. आमच्याकडे ज्या मुलाच्या जन्माचा कागद नसतो त्याचा जन्म एक जूनचा. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा मूल सहा वर्षांचं भरावं एवढाच त्यात हिशेब. गुरुजी लोक पिढ्यान् पिढ्या हे मायेने करत आले. माझाही जन्म एक जूनचा. माझ्या वर्गात अठ्ठावीस जण होतो, त्यातले सोळा एकाच दिवशी जन्मलेले. या दोन मुलांना दाखल करताना गुरुजींनी तेच केलं. पण त्याआधीच कळप लोणंदकडे असताना, रस्त्याकडेच्या एका शिबिरात, त्यांच्या आईने दोघांची आधारकार्डं काढून घेतली होती. तिथल्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाचीही अशीच काहीतरी सवय असावी. त्याने दोघांना एक जानेवारी दिला. एवंच, प्रत्येक मुलाचे दोन वाढदिवस झाले आणि मोजणीत मूल एकही उरलं नाही.

"आणि एकोणीसच राहिले तर?" अध्यक्षांनी विचारलं.

गुरुजींनी सांगितलेला नियम असा. तीस सप्टेंबरला पट धरतात. आधार जुळलेली वीस मुलं असली तर दोन शिक्षक. वीसच्या आत गेला तर एक. दोघांत बाई कनिष्ठ, म्हणजे त्या जाणार.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पहिलीच्या पाट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि त्या रचलेल्या पाट्यांवर हात ठेवून ऐकत होत्या. त्या तीन वर्षांपूर्वी आल्या. त्या येण्याआधी दुसरीतली मुलं अक्षर ओळखून बसून राहायची. आता दुसरीतलं मूल दुकानातल्या पिशवीवरचं वाचतं आणि दुकानदाराला तारीख उलटून गेली म्हणून सांगतं. दुकानदाराची तक्रार आहे. वस्तीवर एवढं एकच काम गेल्या तीन वर्षांत झालं होतं, आणि ते त्यांनी केलं होतं.

त्या गेल्या तर चार वर्ग गुरुजींकडे. गुरुजी आठवड्यातून दोन दिवस तालुक्याला, बैठकीला किंवा प्रशिक्षणाला. मी तिथेच आकडा काढून दाखवला: पाच दिवस आणि शनिवारचा अर्धा, त्यातले दोन वजा, उरलेल्या साडेतीन दिवसांना चार वर्गांनी भागलं तर एका वर्गाला आठवड्यात एक पूर्ण दिवसही येत नाही.

"आण्णा, तुमी हिशेब चांगला करता," अध्यक्षा म्हणाल्या, "पण त्यानं पोरगं एक बी वाढत न्हाई."

आगगाडी पुढे ढकलली. आधारचं काम मी अंगावर घेतलं. कागदांचं काम म्हणजे माझं काम, असं मला वाटलं. दोनपैकी एका मुलाचं जुळलं तरी वीस भरत होते.

सोमवारी रजा टाकली आणि मेंढपाळ दादांना मोटरसायकलवर मागे बसवून आधार केंद्रावर गेलो. वाटेत त्यांना विचारलं, मुलगी नक्की कधी झाली.

"लोणंदच्या अलीकडं, फाटकाजवळ तळ हुता तवा."

"तारीख?"

"तारीख कशाला बगतोय आमी. ज्वारी निसवली हुती. आन् त्या दिशी एक मेंढी गाडीखाली गेली. मालकीण इकडं अडली, मेंढी तिकडं गेली. लय वंगाळ दीस." मग म्हणाले, "पोरगी झाली म्हणून वंगाळ न्हवं आण्णा. मेंढीमुळं."

"कळलं."

"न्हाई, तुमी लिवून ठेवता म्हणून सांगितलं."

केंद्रावरच्या मुलाने दोन्ही कार्डं बघितली. जन्मतारीख बदलायला जन्माचा दाखला लागतो. जन्माचा दाखला, जिथे जन्म झाला त्या ग्रामपंचायतीचा. मी दुपारी त्या बाजूच्या ग्रामपंचायतीला फोन लावला. तिथल्या ग्रामसेवकाने नीट चौकशी करून सांगितलं की अशी नोंद नाही, आता उशिरा नोंद करायची तर तहसीलचा आदेश, आदेशासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. किती दिवस? दोन महिने धरा. हातात पंधरा होते.

मग मी दुसऱ्या बाजूने गेलो. आधारकार्ड बदलत नसेल तर शाळेच्या रजिस्टरात एक जूनचा एक जानेवारी करा. गुरुजी म्हणाले, रजिस्टरात तारीख बदलायला वरची मंजुरी लागते. मंजुरीला काय लागतं? जन्माचा दाखला. मी वहीत या टोकाकडून त्या टोकाकडे बाण काढत गेलो तर बाण परत आधार केंद्रावर आला. त्या पानावर आणखी काही लिहायला जागा राहिली नाही, आणि लिहिण्यासारखंही.

मेंढपाळ दादा ऐकून म्हणाले, "म्हंजी जल्मली हे पटवायला ती जल्मल्याचा कागद पायजे. ती हिकडं समोर हुबी हाय ते चालत न्हाई."

"नाही चालत."

"बरं हाय. मेंढीचं इतकं न्हाई."

त्यांनी मला चहा पाजला. पैसे मी देत होतो, त्यांनी देऊ दिले नाहीत.

गुरुवारी अध्यक्षा घरी आल्या. माझी बायको दारातच मूग निवडत बसली होती. अध्यक्षा ओट्यावर टेकल्या, पाणी प्याल्या आणि मुद्द्यावर आल्या.

"एकच पायजे न्हवं?"

"हो, एक."

"तुमची पोरगी तिसरीला हाय न्हवं?"

मी म्हणालो, "अहो, पण ती तिकडे आहे."

"तिकडं हाय म्हणूनच म्हणती. हितं असती तर कशाला आले असते."

मी कारणं दिली. वर्ष अर्धं होत आलं, इंग्रजीची सवय मोडेल, मुलीचं मन लागायचं नाही. कारणं तीन होती आणि तिन्ही खरी होती. अध्यक्षांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आण्णा, एक इचारू? राग येऊ देऊ नका. तुमी धा वेळा सांगितलं शाळा टिकवा म्हणून. ते कुनाच्या पोरांनी टिकवायची?"

मूग निवडणाऱ्या बाजूने हसल्याचा आवाज आला. मी तिकडे पाहिलं नाही.

जाताना त्या म्हणाल्या, "माजं पोरगं हितंच हाय. मालक म्हणत्यात सांगलीला ठेव, होस्टेलात. मी म्हणलं बाई हायती तवर ठेवती. बाई गेल्या की मी बी नेणार. खोटं बोलत न्हाई." म्हणजे पट एकोणीसवर थांबणार नव्हता. बाई गेल्या की अठरा, मग सोळा. हा आकडा मला आधी सुचायला हवा होता. तो मी गाळला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना शाळेत थांबलो. बाईंना बाजूला बोलावून विचारलं, कारण हे विचारल्याशिवाय मला पुढचं काही ठरवणं जमलं नसतं.

"बाई, तुमचा मुलगा कुठे शिकतो?"

"सांगलीत. इंग्रजी माध्यमात." त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "तुम्ही हे विचारणार हे मला माहीत होतं."

"मग मी माझी मुलगी इथे का घालावी?"

"मी तुम्हाला घाला म्हटलेलं नाही, आण्णा. माझी बदली होते. त्याने दर तीन-चार वर्षांनी शाळा बदलायची का? हे एक कारण. दुसरं असं की मी चांगलं शिकवते हे मला माहीत आहे. पण माझ्या मुलाच्या गावी, त्याच्या वर्गावर, माझ्यासारखी कुणी असेल का, आणि असली तर तिला तिथे राहू देतील का, हे मला माहीत नाही. तुमच्या गावात ते तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हीही घाबरता."

"फीच्या पावत्या आहेत की माझ्याकडे. बघायच्या असतील तर आणते."

मला त्यांचा राग आला नाही. तशाच पावत्या दोघांच्या कपाटात असताना राग कसला करणार.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी बायकोसमोर कागद ठेवला. दोन रकाने केले होते. डावीकडे इंग्रजी शाळा: वर्षाची फी सव्वीस हजार, दोन हप्त्यांत, व्हॅन महिन्याला नऊशे, गणवेश, बूट, टाय वेगळं. उजवीकडे जिल्हा परिषद: शून्य. पुस्तकं शून्य, गणवेश शून्य, खिचडी शून्य. मी असंही लिहिलं होतं की मुलगी इंग्रजी धडा न अडता वाचते, पण काय वाचलं हे विचारलं तर माझ्याकडे पाहते; आणि परवा आलेली लग्नपत्रिका तिला वाचता आली नाही, 'आमचे येथे'पाशीच अडली.

बायकोने कागद वाचला. "हे सगळं बरोबर आहे. एक राहिलं."

"काय?"

"लोक काय म्हणतील. मागच्या वर्षी आपल्या द्राक्षबागेचे पैसे कमी आले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता व्हॅन बंद केली की म्हणतील, फी जमेना. माझी जाऊ तर फोन करून विचारेल, काही अडचण आहे का म्हणून. आणि गोड आवाजात विचारेल."

याला रकाना करता येईना. खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी मुलीला व्हॅनमध्ये बसवलं तेही याच कारणाने. तेव्हा मी माध्यमाचा, गुणवत्तेचा, स्पर्धेचा विचार केला असं सांगतो; पण तेव्हाचा माझा कागद कोराच आहे. आमच्या भावकीतल्या सगळ्यांच्या दारात व्हॅन थांबत होती. आमच्या दारात थांबत नव्हती.

ती म्हणाली, "मी आधी बघून येते." आणि शनिवारी सकाळी ती शाळेत जाऊन बसली. मागच्या भिंतीला टेकून, दोन तास. आल्यावर मी विचारलं, काय ठरलं.

"तिकडं पालकसभेला गेले की मॅडम उठून उभ्या राहतात, खुर्ची देतात, माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि मी हो हो करते," ती म्हणाली. "इथं बाईंनी मला बघितलं, मान हलवली आणि शिकवतच राहिल्या. दोन तासांत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एका पोरीला वजाबाकीतला हातचा जमेना, तिच्याजवळ खाली बसून राहिल्या. मी उठून आले तरी त्यांच्या लक्षात आलं नसेल."

"मग?"

"मग काय. काढा दाखला. जावेचा फोन मी घेईन."

मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तिने विचारलं, "तिथं टाय घालायचा का?" आम्ही नाही म्हटलं. मग म्हणाली, "आणि शनिवारी खिचडी?" तिच्याकडून एवढेच दोन मुद्दे होते. माझ्याकडून तीन होते, ते तिने मांडले नाहीत.

बावीस तारखेला, सोमवारी, मी इंग्रजी शाळेच्या कार्यालयात गेलो. काचेच्या खिडकीमागे एक क्लार्क होते, वयाने माझ्याएवढे. शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

"वर्षाची फी पूर्ण भरायला लागेल."

मी म्हणालो, "पहिला हप्ता जूनमध्ये भरलाय. तो दिवाळीपर्यंतचा. दुसरं सत्र सुरूही झालेलं नाही."

"फॉर्मवर अट आहे, सर. चौदा नंबर. मधेच काढलं तर पूर्ण वर्षाची फी."

त्यांनी फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. खाली माझी सही होती, मराठीत, ठसठशीत. वर अठरा अटी होत्या, इंग्रजीत. मी शीतगृहात पेटीच्या चिठ्ठीवरही वाचल्याशिवाय सही करत नाही. हा फॉर्म मी वाचला नव्हता. तीन वर्षांपूर्वी याच खिडकीसमोर उभा असताना, मागे रांग असताना, मला हे समजत नाही असं म्हणायची मला लाज वाटली होती.

"दाखला असा अडवता येत नाही," मी म्हणालो. गुरुजींनी मला तसं सांगितलं होतं, नियमाचा कागदही दिला होता. तो मी पुढे केला.

त्यांनी कागद वाचला आणि आदराने परत दिला. "बरोबर आहे सर. तुम्ही सरकारी शाळेत दाखल करा ना, दाखल्याशिवाय करतात. पण ऑनलाइन मुलगी आमच्या यादीत आहे. तिकडच्या गुरुजींनी रिक्वेस्ट टाकायची, आणि ती इथून आमच्या मोठ्या सरांनी मंजूर करायची. ते बाहेरगावी आहेत."

"कधी येतील?"

"तसं सांगता येणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फी भरली की येतात."

त्या माणसावर मी चिडलो नाही. तोही कुणाची तरी वही सांभाळत होता. त्याने शेवटी मला विचारलंही, की मुलीला काढून कुठे घालताय. जिल्हा परिषदेत म्हटल्यावर त्याने फॉर्म परत फाइलीत लावला. म्हणाला, "माझी दोन्ही तिकडेच आहेत. इथं परवडत नाही."

तक्रार करता आली असती. गटशिक्षण कार्यालयात अर्ज द्यायचा, ते शाळेला पत्र पाठवणार, शाळा उत्तर देणार. गुरुजींनी अंदाज सांगितला, महिना. तीस तारखेला आठ दिवस होते. त्या रात्री मी पुष्कळ आकडे मांडून पाहिले. कुठूनही मांडलं तरी एकच येत होतं: मुलीला फुकटच्या शाळेत बसवायचं तर तेरा हजार भरावे लागणार. सरकारी शाळेत मूल घालायला इतका खर्च येतो हे माझ्या पंधरा ऑगस्टच्या भाषणात कधी आलं नव्हतं.

बायकोला म्हटलं, थांबू या का? पुढच्या जूनमध्ये पैसे वाया न जाता दाखला मिळेल.

ती म्हणाली, "जूनमध्ये बाई कुठल्या गावाला असतील?"

चोवीस तारखेला पैसे भरले. मोठे सर पंचवीसला परत आले. सव्वीसला दुपारी गुरुजींचा फोन आला की रिक्वेस्ट मंजूर झाली, मुलगी यादीत दिसते, आधारही जुळलं. मागून बाईंचा आवाज येत होता, कुणाला तरी ओळीत उभं राहायला सांगत होत्या. फोन त्यांनी घेतला नाही, आणि मी मागितलाही नाही.

तीस सप्टेंबरला पट धरला गेला. आधार जुळलेली मुलं वीस. दोन शिक्षक कायम. मुलगी त्या आठवड्यात तिसरीच्या ओळीत बसायला लागली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने आईला 'आमचे येथे'च्या पुढची दोन वाक्यं अडखळत वाचून दाखवली आणि मग कंटाळून खेळायला गेली. जावेचा फोन आला होता. बायकोने काय उत्तर दिलं ते मला तिने सांगितलेलं नाही.

मेंढपाळ दादांची दोन्ही मुलं दिवाळीपर्यंत रोज आली. एकही दिवस चुकवला नाही. हजेरीपत्रक मी पाहिलं आहे. दिवाळीनंतर कळप लोणंदकडे निघाला तशी ती गेली. त्यांचा अर्ज तहसीलमध्ये आहे. या वर्षीच्या मोजणीत ती दोघं कुठेच नव्हती.

शेवटी दिलेली रक्कम अशी. इंग्रजी शाळेला तेरा हजार रुपये, दुसऱ्या सत्राची फी म्हणून, ज्या सत्रात माझी मुलगी तिथे एकही दिवस बसली नाही. पावती इंग्रजीत आहे. या वेळी घेण्याआधी ती क्लार्ककडून वाचून घेतली. व्हॅनवाल्याला नऊशे, सप्टेंबरचे. करार त्याच्याकडेही वर्षाचाच होता, पण तो म्हणाला, "आण्णा, जेवढे दिवस बसली तेवढंच." मी पूर्ण महिन्याचे दिले. त्याने चार दिवसांचे एकशे वीस परत केले, आणि ते मला घ्यावे लागले.